घरच्या घरी गिअरबॉक्सचे ऑइल बदलणे : चाळीसगावातील कामाच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४

थंडी पडू लागल्यापासून सकाळी गाडी बाहेर काढली की पहिले काही किलोमीटर दुसरा गिअर सहज पडत नाही. दांडा मध्येच अडतो, क्षणभर दाबून धरावा लागतो आणि मग आत जातो. गाडी चांगली तापली की हाच गिअर विनासायास पडतो. कन्नड घाट चढताना तिसऱ्यातून दुसऱ्यात वारंवार यावे लागते, पण तिथे आजवर कधी अडचण आलेली नाही. इंजिन बंद असताना पाचही गिअर मोकळे पडतात, आणि इंजिन चालू ठेवून, क्लच पूर्ण दाबून रिव्हर्स टाकला तर खरखर होत नाही, म्हणजे क्लच पूर्ण सुटतो आहे. थंड असताना अडणे आणि तापल्यावर मोकळे होणे हे लक्षण गिअरबॉक्समधल्या ऑइलकडे बोट दाखवते.

गाडी आडव्या इंजिनाची, पुढच्या चाकांना ओढ देणारी, पाच गिअरची छोटी पेट्रोल गाडी आहे. ती २०१५ साली घेतली असून आजचे रीडिंग ८१,३०० किलोमीटर आहे. जुनी बिले काढून पाहिली, तेव्हा इंजिन ऑइल आणि फिल्टर दर सर्व्हिसिंगला बदललेले दिसले, पण गिअरबॉक्सच्या ऑइलचा उल्लेख एकाही बिलावर सापडला नाही. पुस्तिकेप्रमाणे ते ४०,००० किलोमीटरला बदलायला हवे होते. मॉडेलचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्ष बदलले की गिअरबॉक्स बदलू शकतो, आणि त्याबरोबर ऑइलची ग्रेड व प्रमाणही बदलते. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी हे आकडे स्वतःच्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत. माझ्या पुस्तिकेत ७५ डब्ल्यू ८० (ही ऑइलच्या दाटपणाची ग्रेड), जीएल-४ (हा गिअर ऑइलचा वर्ग) आणि २.२ लिटर असे दिले आहे.

४ डिसेंबर

ऑइल मिळवण्यातच पहिला वेळ गेला. आपल्याकडच्या दुकानांत गिअर ऑइल मागितले की ‘नव्वद नंबर’ पुढे येते, कारण तालुक्यात या ऑइलचे मोठे गिऱ्हाईक ट्रॅक्टर, टेम्पो आणि ट्रक हेच आहे. मला आधी जो डबा दिला गेला तो ८० डब्ल्यू ९० चा होता, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत जीएल-५ असे छापलेले होते. ‘चार नंबरपेक्षा पाच नंबर भारी’ असे सांगून तो देण्यात येत होता. ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती गिअरबॉक्सला महागात पडते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जीएल-५ हे मुख्यतः मागच्या डिफरन्शियलसाठी, म्हणजे दोन्ही चाकांना ओढ वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीसाठी असते, जिथे दात एकमेकांवर प्रचंड दाबाने घसरतात. त्यासाठी त्यात गंधक व फॉस्फरसयुक्त रसायने जास्त घातलेली असतात. आपल्या गिअरबॉक्समध्ये गिअर जुळवून घेणाऱ्या सिंक्रो रिंगा बहुधा पितळेच्या असतात, आणि त्यांना पकड मिळावी म्हणून ऑइल ठरावीक इतकेच निसरडे असावे लागते. जीएल-५ मध्ये ही पकड कमी होते, दोन गिअरची गती जुळायला वेळ लागतो, आणि त्यातली काही रसायने पितळेलाही खातात. शिवाय ९० ची ग्रेड ८० पेक्षा दाट असते. सकाळच्या थंडीत गिअर अडतो या तक्रारीवर आणखी दाट ऑइल भरणे म्हणजे तक्रार वाढवणे होय. ज्या पुस्तिकेत ७५ डब्ल्यू ९० लिहिले असेल तिथे अर्थातच तेच घ्यावे. मुद्दा आकडा लहान की मोठा हा नसून पुस्तिकेत काय लिहिले आहे हा आहे.

डबा घेतला नाही. जळगावहून ७५ डब्ल्यू ८०, जीएल-४ चे एक-एक लिटरचे तीन डबे मागवले, ४५० रुपये लिटरप्रमाणे. लागणार २.२ लिटर असले तरी सांडणे आणि पातळी पाहताना बाहेर येणे धरून तिसरा डबा हाताशी हवाच.

८ डिसेंबर

आज ऑइलला हात न लावता फक्त खाली शिरून पाहणी केली.

आमच्या अंगणातली माती काळी आहे आणि तिच्यावर जॅक लावणे धोक्याचे आहे. वरून कोरडी, कडक दिसणारी ही माती वजन आले की एका बाजूने दबते आणि जॅक तिरका होतो. शहाबादी फरशीवर लावला तर फरशी तडकते. म्हणून गाडी ओट्यापुढच्या सिमेंटच्या पट्ट्यावर घेतली, जॅकखाली बाभळीची जाड फळी ठेवली, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, आणि गाडी उचलल्यावर तिचे वजन जॅक स्टँडवर उतरवले. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवले. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही, अगदी पाच मिनिटांसाठीही, शिरू नये. हे वाक्य या नोंदींतले सगळ्यात महत्त्वाचे वाक्य समजावे.

अंडर कव्हर काढल्यावर गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूला, जिथे ड्राइव्ह शाफ्ट (चाकाला ओढ पोहोचवणारा दांडा) आत जातो तिथे, बोटभर जाडीचा काळा लेप दिसला. कपाशीच्या शिवारांतून उडणारी धूळ आणि ऑइल मिळून तो तयार झाला होता. पटाशीने खरवडला तेव्हा खालचा थर अजून ओला होता. बोटाला लागलेला चिकटा नाकाशी नेला तर गंधकाचा उग्र वास आला. इंजिन ऑइलला असा वास येत नाही, त्यामुळे गळती इंजिनाची की गिअरबॉक्सची हे ठरवायला ही साधी परीक्षा पुरेशी आहे.

लेप आहे म्हणजे गळती चालू आहेच असे नाही. तो कित्येक वर्षांपूर्वीचाही असू शकतो. म्हणून डिझेल आणि ब्रशने सगळा भाग धुऊन काढला, कोरड्या फडक्याने पुसला, आणि शाफ्टच्या भोवती टाल्कम पावडर भुरभुरली. आता गाडी नेहमीसारखी चालवायची आणि पुढच्या रविवारी पाहायचे.

१५ डिसेंबर

शाफ्टभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी, म्हणजे सील, असते. पावडरवर तिच्या खालच्या ओठापासून निघालेला काळपट ओघळ स्पष्ट उमटला आहे. गळती हळू आहे, पण चालू आहे.

शेजारचे नाना एसटीच्या आगारात कार्यशाळेत होते आणि निवृत्त होऊनही हात अजून कामात आहे. त्यांना दाखवले तेव्हा त्यांनी सीलकडे न पाहता आधी विचारले, ‘‘भाऊ, ब्रीदर पाह्यला का?’’ तो मी पाहिलेला नव्हता.

गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला टोपीसारखी एक बारीक नळी असते. गाडी चालून आतले ऑइल तापले की हवा फुगते आणि ती या वाटेने बाहेर पडते. ही वाट बुजली तर आतला दाब ऑइलला सगळ्यात कमकुवत जागेतून, म्हणजे शाफ्टच्या सीलमधून, बाहेर ढकलतो. आमच्या गाडीत ब्रीदर बॅटरीच्या ट्रेखाली दडलेला आहे. आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह तार सोडून बॅटरी काढली, ट्रे काढला, तेव्हा टोपीभोवती वाळलेल्या चिखलाचा कडक गोळा बसलेला दिसला. पावसाळ्यात शेतरस्त्याने जाऊन आलेल्या गाडीत हे होणारच. आधी भोवतालचा भाग ओल्या फडक्याने स्वच्छ केला, जेणेकरून माती आत पडणार नाही, आणि मग टोपी काढून धुतली. तिच्यातून फुंकर आरपार जाईपर्यंत काम सोडले नाही.

नानांचे म्हणणे असे की ब्रीदर मोकळा झाल्यावर काही गाड्यांची गळती आपोआप थांबते, पण इतकी वर्षे झालेले सील एकदा पाझरू लागले की त्याचा ओठ कडक झालेला असतो. मला ते पटले. सील बदलायचे तर ड्राइव्ह शाफ्ट बाहेर काढावा लागतो, आणि शाफ्ट बाहेर आला की त्या भोकातून ऑइलही बाहेर येते. म्हणजे आज नवे ऑइल भरून महिन्याने सील बदलायचे ठरवले असते तर ते नवे ऑइल घमेल्यात गेले असते. ज्यांना फक्त ऑइल बदलायचे आहे त्यांनीसुद्धा डबे फोडण्याआधी दोन्ही बाजूंची सीले नीट पाहून घ्यावीत, हे त्यासाठीच. दोन्ही कामे एकदम करायचे ठरले. डाव्या बाजूचे सील आणि शाफ्टच्या टोकाचा लॉक (शाफ्ट आत अडकवून धरणारी कडी) गावातल्या दुकानातून आणून ठेवला.

२१ डिसेंबर

हत्यारांची जुळवाजुळव. माझ्या गिअरबॉक्सचा लेव्हल नट, ज्याच्या भोकातूनच ऑइल भरायचे असते, चोवीसच्या पान्याचा आहे. ड्रेन नटाला, म्हणजे ऑइल सोडण्याच्या खालच्या नटाला, मात्र डोके नाही, त्यात १० मिलिमीटरची चौकोनी खाच आहे. रॅचेटचे तीन अष्टमांश इंची टोक तिच्यात बसते, पण ते साडेनऊ मिलिमीटरच्या जवळपास असते. त्या अर्ध्या मिलिमीटरच्या मोकळीकीमुळे जोर लावला की खाचेच्या कडा गोल होतात, आणि एकदा त्या गोल झाल्या की नट काढणे अवघड होऊन बसते.

खिडकीच्या ग्रिलला १० मिलिमीटरची चौकोनी सळई वापरतात. तिचा तुकडा वेल्डिंगवाल्याकडून एका मोठ्या नटाला डाग देऊन घेतला, म्हणजे पान्याने फिरवता येईल. ८० रुपये लागले. घरी आणून व्हाइसमध्ये धरून जोर देऊन पाहिला, तर सळई पिळवटली. ग्रिलचे लोखंड मऊ असते, या कामाला ते चालत नाही. गाडीच्या नटावर लावण्याआधी व्हाइसमध्ये पाहिले म्हणून खाच वाचली. शेवटी हत्यारांच्या दुकानातून कडक पोलादाची १० मिलिमीटरची तयार चावी १९० रुपयांना घेतली. पहिल्यांदाच ही घेतली असती तर अर्धा दिवस वाचला असता. इतरांनी तसेच करावे.

२२ डिसेंबर

‘‘वरना नट पहिले खोला, मंग खालना.’’ नानांनी सकाळी येताच एवढेच सांगितले, आणि आजचा सगळा दिवस त्या एका वाक्यात आहे. खालचा ड्रेन नट काढून ऑइल सोडून दिले आणि नंतर वरचा लेव्हल नट निघालाच नाही, तर गाडी ऑइलविना जागेवर अडकते आणि गॅरेजपर्यंतही नेता येत नाही. म्हणून लेव्हल नट निघेपर्यंत ड्रेन नटाला हात लावायचा नाही.

लेव्हल नट निघाला नाही. नऊ वर्षांत तो कोणी हलवलेला नव्हता. कडेने पांढरट बुरशीसारखा थर आला होता, ॲल्युमिनियमचे कवच आणि लोखंडी नट एकमेकांना धरून बसले होते. तारेच्या ब्रशने घासून गंज सोडवणारा स्प्रे मारला आणि तासभर थांबलो. बारा कोनांच्या रिंग पान्याने प्रयत्न केला तेव्हा पाना घसरण्याच्या बेतात आला, म्हणून तो लगेच सोडला. अशा नटाला सहा कोनांचे सॉकेटच लावावे, कारण ते कोपऱ्यांऐवजी सपाट बाजूंवर जोर देते.

पुढे जे उपयोगी पडले ते असे. नटाच्या तोंडावर हातोडीने मध्यम जोराचे काही सरळ ठोके दिले. कवचावर मात्र एकही ठोका पडू दिला नाही, कारण ॲल्युमिनियम तडकते. पुन्हा स्प्रे मारून जेवणापर्यंत तसेच ठेवले. दुपारी सहा कोनांचे सॉकेट, लांब दांडा आणि दांड्यावर पाइप चढवून आधी नट किंचित आवळण्याच्या दिशेने नेला, आणि मग उलट दिशेने एकसारखा दाब दिला. झटका दिला नाही. आवळण्याच्या त्या अगदी थोड्या हालचालीने गंजाची पकड सुटते. ‘टक्’ असा आवाज येऊन नट फिरला.

भोकात करंगळी वाकवून खाली घातली, तर ऑइल लागलेच नाही. सपाट उभ्या गाडीत ऑइल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेले असायला हवे. म्हणजे गळती दिसायला हळू असली तरी वर्षानुवर्षांत बरेच ऑइल गेले होते. नट जुन्याच वॉशरसह परत लावला, आणि काम होईपर्यंत गाडी घाटात न्यायची नाही असे ठरवले.

२८ डिसेंबर

ऑइल कोमट असताना ते पूर्ण निथळते आणि तळाशी बसलेला गाळही सोबत आणते, म्हणून सकाळी भडगाव रस्त्याने थोडे फिरून आलो आणि अर्धा तास थांबून मग गाडी स्टँडवर घेतली. गाडी नुकतीच थांबलेली असताना एक्झॉस्टचा पाइप हात भाजण्याइतका तापलेला असतो, आणि ड्रेन नट त्याच्या जवळ आहे.

लेव्हल नट आधी काढला. मग ड्रेन नट सोडला. पहिली धार सरळ खाली न पडता आडवी उडते, त्यामुळे घमेले भोकाच्या खाली न ठेवता थोडे पुढे सरकवून ठेवावे आणि धार मंदावली की मागे घ्यावे. खाली जुनी वर्तमानपत्रे अंथरली होती, तीही बऱ्यापैकी भिजली. ऑइल काळे नव्हते, गडद तपकिरी होते, पण उन्हात धरले तर त्यात बारीक चकाकी तरंगत होती.

ड्रेन नटाच्या टोकाला चुंबक असतो आणि गिअरबॉक्सची प्रकृती तिथेच कळते. चुंबकावर करड्या रंगाचा जाड लेप होता. तो दोन बोटांत चोळला तर काजळासारखा मऊ लागला, कुठे खडा किंवा कपची टोचली नाही. एवढा लेप सामान्य झिजेचा समजतात. लोखंडाची कपची सापडली तर गिअरचा दात किंवा बेअरिंग गेल्याची शंका घ्यावी. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून घमेल्यातले ऑइल पांढऱ्या सुती कापडातून गाळून पाहिले. पिवळ्या कणांची अगदी पुसट रेघ उमटली. सिंक्रो रिंगा थोड्या झिजल्या आहेत, हे त्यावरून मानून चालतो.

सीलसाठी डावे चाक काढले. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या बॉल जॉइंटचा बोल्ट सोडून हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, बाहेरच्या बाजूला ओढला, आणि गिअरबॉक्सचे कवच व शाफ्टचा आतला जॉइंट यांच्या फटीत चपटी पहार घालून हलक्या झटक्याने शाफ्ट सोडवला. हे करताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ब्रेकचा होज आणि एबीएसची तार ताणली जाता कामा नये. बाहेर आलेला शाफ्ट नुसता लोंबू देऊ नये, नाही तर जॉइंटवरचा रबरी बूट फाटतो. आम्ही तो तारेने स्प्रिंगला बांधून ठेवला. आणि दोन्ही बाजूंचे शाफ्ट एकाच वेळी काढू नयेत, कारण काही गिअरबॉक्समध्ये डिफरन्शियलच्या आतले गिअर जागेवरून घसरतात. शाफ्ट निघताच आणखी थोडे ऑइल आले. बाटल्यांत मोजले तेव्हा एकूण १.७ लिटर भरले. पुस्तिकेच्या प्रमाणापेक्षा अर्धा लिटर कमी.

जुने सील काढण्याआधी ते कवचाच्या कडेपासून किती आत बसले आहे हे पट्टीने मोजून लिहून घेतले. काढल्यावर त्याचा ओठ नखाने दाबला तर तो वाकला नाही, रबराचा सगळा मऊपणा गेलेला होता. शाफ्टवर सीलच्या जागी चकचकीत रेघ आहे, पण नख तिच्यात अडकत नाही, त्यामुळे शाफ्ट चालेल.

आणि इथे काम थांबले. नवे सील जुन्याशेजारी ठेवले, तेव्हा व्यास आणि जाडीचे कोरलेले तिन्ही आकडे सारखे निघाले, पण फिरण्याची दिशा दाखवणारा बाण उलटा होता. दुकानातून डाव्याऐवजी उजव्या बाजूचे सील आले होते. ओठावरच्या बारीक तिरप्या रेघा ऑइल आत परत ढकलण्यासाठी असतात. उलट्या बाजूचे सील बसवले तर त्या ऑइल बाहेर ओढतील. सील आणताना आकड्यांबरोबर बाणही पाहावा, आणि गाडी उघडण्याआधीच पाहावा.

भोकात स्वच्छ फडके कोंबून, वर प्लॅस्टिक बांधून ठेवले. उद्या रविवार, दुकाने बंद.

३० डिसेंबर

गाडी स्टँडवर असल्याने चाळीसगाव-धुळे रेल्वेने धुळ्याला जाऊन डाव्या बाजूचे सील आणले, २४० रुपये. उजव्या बाजूचे १८० रुपयांचे सील परत घेतले गेले नाही. ते पुढे कधी लागेल म्हणून ठेवले आहे.

बसवणे सोपे निघाले. सीलच्या बाहेरच्या व्यासाला जुळणारा पीव्हीसी पाइपचा तुकडा टोकाशी सपाट कापून घेतला, ओठाला नवे गिअर ऑइल लावले, आणि पाइपवर हातोडीने चहूबाजूंनी सारखे ठोके देत लिहून ठेवलेल्या खोलीपर्यंत सील नेले. शाफ्टला नवा लॉक लावला. शाफ्ट आत सरकवताना त्याच्या दात्यांनी नव्या सीलचा ओठ कापला जाण्याची भीती असते, म्हणून नानांनी खालून शाफ्टचे वजन तोलून धरले आणि मी तो सरळ रेषेत ढकलला. लॉक बसल्याचा खट्‌ आवाज आला, आणि जॉइंट हाताने ओढून पाहिला तर तो बाहेर आला नाही. बॉल जॉइंटचा बोल्ट दुरुस्ती पुस्तिकेतल्या टॉर्कने, म्हणजे आवळण्याच्या ठरवून दिलेल्या जोराने, आवळला. ड्रेन नट पुसून, नवा ॲल्युमिनियमचा वॉशर घालून टॉर्क पान्याने बसवला. कवच ॲल्युमिनियमचे आहे, त्यामुळे अंदाजाने जास्त जोर लावला तर आटे जातात. ज्यांच्याकडे टॉर्क पाना नसेल त्यांनी तो एका दिवसासाठी मागून आणावा.

३१ डिसेंबर

भरण्याचे भोक गिअरबॉक्सच्या कुशीत आहे, तिथे डबा पोहोचत नाही. बॉनेटमधून नळी सोडून वरून नरसाळ्याने भरणे हा सोपा मार्ग. घरात ठिबकच्या १६ मिलिमीटर नळीचे तुकडे होते, तेच आधी लावून पाहिले. ती नळी दोन ठिकाणी वळवावी लागत होती, वळणावर दुमडली, आणि काळी असल्याने ऑइल कुठे अडले ते दिसेना. शेवटी नरसाळे तुडुंब भरून वाहिले. त्याऐवजी गवंडी पातळी पाहायला वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी आणली. ती वाकते, दुमडत नाही, आणि आत ऑइलची रांग सरकताना दिसते. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ९० रुपये लागले.

डबे सकाळपासून गच्चीवर उन्हात ठेवले होते. थंड ऑइल नळीतून उतरायला फार वेळ घेते, कोमट झाले की बरेच लवकर उतरते. नरसाळे नळीत घट्ट बसवू नये. कडेने हवा बाहेर यायला फट ठेवली नाही तर आत हवेचा फुगा अडकून धार थांबते.

पातळी खरी यायची तर गाडी चारही बाजूंनी सारखी हवी. फक्त पुढचा भाग उचललेला असताना भोकातून ऑइल बाहेर येऊ लागले म्हणून भरणे थांबवले, तर पातळी चुकते. म्हणून मागचा भागही स्टँडवर घेतला आणि दाराच्या पट्टीवर स्पिरिट लेव्हल ठेवून बुडबुडा मध्ये आणला. दोन लिटरनंतर हळूहळू भरत गेलो, आणि भोकाच्या खालच्या कडेवरून बारीक धार बाहेर येऊ लागताच थांबलो. धार थेंबांवर येईपर्यंत वाट पाहिली आणि नव्या वॉशरसह नट लावला. डब्यांतून २.३ लिटर ऑइल गेले, पैकी सुमारे १०० मिलिलिटर परत बाहेर आले. म्हणजे पुस्तिकेतले २.२ लिटर जुळले.

चाके उचललेली असतानाच क्लच दाबून पाचही गिअर आणि रिव्हर्स हाताने घालून पाहिले, मग गाडी खाली उतरवली. चाकांचे नट जमिनीवर टेकल्यावर आवळले.

२ जानेवारी २०२५

पहाटे, थंडी असतानाच गाडी काढली. गल्लीच्या टोकापर्यंत दुसरा गिअर अजून थोडा जड लागतो, पण दांडा दाबून धरावा लागत नाही. मुख्य रस्त्याला लागेपर्यंत तो मोकळा झालेला असतो. सिंक्रो रिंगांची जी झीज झाली आहे ती ऑइलने भरून निघणार नाही, त्यामुळे उरलेला जडपणा राहील असे धरून चालतो. कन्नड घाट चढून-उतरून आलो आणि परत येताच गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला.

१२ जानेवारी

पुठ्ठ्यावर एकही डाग नाही. सीलभोवतीची पावडर कोरडी आहे, ब्रीदर मोकळा आहे. गाडी पुन्हा सपाट करून लेव्हल नट काढला, तर ऑइल कडेला टेकलेले आहे. या वेळी नट साध्या पान्याने सुटला. चाकांचे नट आणि बॉल जॉइंटचा बोल्ट पुन्हा तपासले.

एकूण खर्च २,४७० रुपये झाला. त्यात ऑइल १,३५०, दोन सीले ४२०, लॉक ४०, दोन वॉशर ५०, तयार चावी १९०, वाया गेलेली सळई ८०, नळी ९० आणि स्प्रे २५०. सळई आणि उलटे सील वजा केले तर हेच काम २,२१० रुपयांत होते. गावातल्या गॅरेजने सीलसह ३,५०० सांगितले होते. फरक मोठा नाही. ज्यांना पैसे वाचवायचे एवढेच कारण आहे त्यांनी गॅरेजात जावे आणि समोर उभे राहून डब्यावरची ग्रेड वाचून घ्यावी. वेळ मात्र गॅरेजात अर्धा दिवस, घरी सुट्यांमागून सुट्या.

जुने ऑइल झाकणाच्या डब्यात भरून ठेवले होते. बैलगाडीच्या आसाला किंवा कुंपणाच्या लाकडांना वाळवी लागू नये म्हणून लावायला ते दोघा-तिघांनी मागितले, पण दिले नाही. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेले ऑइल येते, आणि कुंपणावर लावलेले ऑइल पहिल्या पावसात विहिरीच्या बाजूला वाहून जाते. पुनर्प्रक्रियेसाठी पिंप भरून देणाऱ्या एका गॅरेजात ते ओतून आलो. बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइलची ग्रेड, तारीख, आजचे रीडिंग ८२,१४० आणि पुढच्या बदलासाठी १,२२,००० असे लिहून चिठ्ठी चिकटवली आहे.